पितर गेल्यानंतरची लाट

मित्रांनो, मला पाहून तुम्ही फसाल. इसोएआजीच्या खाणावळीच्या दाराशी मी टांगलेली असते आणि येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "ही पाटी आहे का? अक्षरं पुसली वाटतं." मी पाटी नाही. मी तोमेझो कोळ्याच्या होडीतली तळाची फळी आहे. दीड पुरुष लांब नाही की नक्षीदार नाही. जेमतेम एका पोराच्या उंचीची, दोन विती रुंद, आणि एका टोकाला चिरलेली. वय झालं आता. पण या गावाला लाटेवर बसायला मी आणि माझ्या बहिणींनी शिकवलं, हे मी नाही सांगितलं तर कोण सांगणार? आपली पाठ कधीकधी आपणच थोपटून घ्यावी लागते.

गावामागच्या टेकडीवर सुगी नावाची सरळसोट झाडं आहेत. त्यातलं एक तोडून होड्या बांधणाऱ्या सुतारानं आम्हां सात बहिणींना जन्म दिला. आम्हाला खिळे ठोकले नव्हते. होडीच्या तळात झिरपलेलं पाणी उपसायचं तर फळ्या उचलता आल्या पाहिजेत, म्हणून आम्ही नुसत्या टेकवलेल्या असायचो. आमच्यात माझी जागा मानाची होती. मागच्या बाजूला, जिथं उभं राहून तोमेझो वल्हं मारायचा, तिथं मी. त्याचे अनवाणी पाय पहाटेपासून दुपारपर्यंत माझ्यावर असायचे. थंडीत ते बर्फासारखे गार असायचे, पण पहिलं जाळं वर आलं की लगेच ऊब यायची. त्यावरूनच मला मासे किती मिळाले ते कळायचं.

उन्हाळ्यात मात्र आम्हाला दोन धनी. होडी किनाऱ्याला लागली रे लागली की गावातली पोरं झडप घालायची, एकेक फळी उचलायची आणि थेट पाण्यात. फळी पोटाखाली धरायची, लाट उठली की पाय झाडायचे, आणि फेसाबरोबर वाळूपर्यंत सरकत यायचं. यालाच आता सर्फिंग म्हणतात म्हणे. तेव्हा गावाला तो शब्द ठाऊक नव्हता, त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही. नियम एकच होता. पहाटे होडी निघण्यापूर्वी फळ्या आपापल्या जागी परत.

पोरांत एक पोरगी होती, तोमेझोची इसोए. मी तिच्या हक्काची. तिची आई शिगे ओरडायची, "अगं, मासे पकडायची फळी ती! तुझ्या बापानं झोपाळा म्हणून आणली नाही!" तोमेझो आपला हसायचा. त्या माणसाला 'नाही' म्हणता यायचंच नाही. घरातलं सगळं 'नाही' शिगेच्या वाट्याला आलं होतं, आणि ती ते मन लावून म्हणायची.

त्या काळीही आमचं गाव पाहुण्यांचं. किनाऱ्यालगतच्या देवदारांखाली टोकियोच्या बड्या लोकांचे बंगले होते. उन्हाळा आला की छत्र्या, टोप्या, दाया आणि गोरी गोरी मुलं. त्यातलीच एक चिझुरु. तिला गुडघ्याच्या वर पाण्यात जायची परवानगी नव्हती. दाई वाळूवर बसून डोळ्यांत तेल घालून तिचे गुडघे मोजायची. इसोए तिला 'बंगलेवाली' म्हणून चिडवायची, आणि चिडवता चिडवता दोघींची गट्टी जमली. शेवटच्या उन्हाळ्यात दाईच्या नकळत इसोएनं तिला माझ्यावर घातलं. पण चिझुरु भित्री. लाट आली की तिचा एक पाय तळाशी टेकायचाच. फळी पुढे, बाई मागे. अख्खी लाट, म्हणजे पाण्यात सुटून वाळूवर थांबणारी, तिच्या वाट्याला एकदाही आली नाही.

"उद्या नक्की," इसोए म्हणाली. "उद्या मी शेपटीकडून ढकलते. तू फक्त पाय वर घे, बाकीचं समुद्र बघेल."

पण तो उद्या आलाच नाही. त्या संध्याकाळी ओबोन संपला. पितर चार दिवस घरी येऊन, जेवूनखाऊन परत गेले. आणि पितर गेले की आमच्याकडे कोणी समुद्रात उतरत नाही. जाणाऱ्यांची गर्दी असते पाण्यात. एखाद्याला एकटं जायला नको वाटलं तर तो जित्याचा पाय धरतो. दुसऱ्या दिवशी शिगे दारात आडवी बसली. इसोए उंबऱ्याच्या आतून बघत राहिली. बाहेर देवदाराखाली चिझुरु पोहण्याचा पोशाख घालून उभी होती. ऊन उतरेपर्यंत ती तिथंच होती. दोघींना एकमेकी दिसत होत्या आणि मला दोघी. पुढच्या वर्षी बंगला विकला गेला. चिझुरु आली नाही.

त्याहून वाईट गोष्ट मात्र त्या उन्हाळ्यापाठोपाठच घडली. सप्टेंबरच्या वादळात होडी फुटली. सहा बहिणी कुठं गेल्या, मला ठाऊक नाही. मला लाटांनी आणून आमच्याच वाळूवर टाकलं. सकाळी इसोएला मी सापडले. तिनं मला उलटंपालटं करून पाहिलं, जणू मागच्या बाजूला बाप असेल. तोमेझो आला नाही, कधीच आला नाही. मित्रांनो, मी लाकडाची आहे, पण मला त्या दिवशी आपण परत आलो याची लाज वाटली.

शिगे मला जाळायला निघाली होती. इसोएनं मला पोटाशी धरलं आणि सोडलं नाही. तेव्हापासून मी कोरडी. आधी लोणच्याच्या पिंपावरचं झाकण झाले; मुळ्याच्या वासानं जीव नकोसा झाला. मग न्हाणीघरात साबणाची मांडणी झाले. इसोएचं लग्न झालं, खाणावळ निघाली, मुलगा झाला. मी न्हाणीघरातच. एकेकाळी माझ्यावर उभं राहून माणूस समुद्र ओलांडत होता, हे साबणाला सांगून काय उपयोग?

पुढं परदेशी शिपाई आपल्या गुळगुळीत लांब फळ्या घेऊन या किनाऱ्यावर आले आणि गावाची पोरं त्यांच्याकडे आ वासून बघत राहिली. आ वासण्यासारखं काही नव्हतं खरं तर. आम्ही तेच करत होतो, फक्त झोपून. सुताराच्या नातवानं, त्या कुरातानं, प्लायवुडची एक फळी बनवली. ती दहा लाटांत मोडली. दुसरी बनवली. आता त्याचं दुकान आहे, आणि गावाच्या स्टेशनावर 'सर्फिंगचं जुनं गाव' अशी पाटी आहे. सायकलींना एका बाजूला सर्फबोर्ड अडकवायची कडी असते. टोकियोहून लोक येतात, लाटा घेतात, शिरासूचा, म्हणजे इवल्या माशांचा, भात खातात, फोटो काढतात. जुन्याला भाव आला तशी मीही न्हाणीघरातून दारावर आले. अहो, दारावर! लोक माझ्याबरोबर फोटो काढू लागले. पण मला कोणी पाण्यात नेलं नाही.

आता त्या दिवसाचं सांगते.

ऑगस्टातली सकाळ. ओबोन आदल्या संध्याकाळीच संपला होता. छोट्या आगगाडीतून एक बाई उतरली, पांढरे केस, हातात काठी, फिकट निळा झगा. ती दाराशी आली आणि माझ्यापुढं उभी राहिली. पाटी आहे का, असं तिनं विचारलं नाही. तिनं माझ्या चिरलेल्या टोकावरून बोट फिरवलं.

आतून इसोएआजी पदराला, म्हणजे तिच्या त्या एप्रनला, हात पुसत आली. दोघी बघत राहिल्या.

"ए बंगलेवाली," इसोए शेवटी म्हणाली, "इतकी म्हातारी झालीस तरी वेळ बघून यायला शिकली नाहीस तू?"

"मुलाला रजाच या दिवसांत मिळते गं."

"सगळ्या टोकियोला याच दिवसांत मिळते. आणि सगळं टोकियो याच दिवसांत आमच्या समुद्रात बुडायला येतं. ये आत. चहा घे."

मी दारावर, त्या दारामागे, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकला. चिझुरु आता मुलाकडे कायमची राहायला जाणार होती. नागानोला. उद्या दुपारी मुलगा तिला न्यायला येणार होता.

"नागानो म्हणजे डोंगरात ना?" इसोएनं विचारलं.

"चारी बाजूंनी डोंगर. हवा चांगली आहे, सून चांगली आहे, सफरचंदं चांगली आहेत. समुद्र नाही." चिझुरुनं कप खाली ठेवला. "मला माझी लाट हवीय, इसोए. अख्खी. सुटल्यापासून वाळूपर्यंत."

"काल रात्री मी बाबांना पोचवून आले. आज पाण्यात पाय घालायचा नाही."

"बाहेर पन्नास माणसं पाण्यात आहेत."

"ती बाहेरची आहेत. त्यांचं कोणी त्या पाण्यात नाही."

इसोएचा मुलगा ताकेमी सर्फिंग शिकवतो. तो मध्ये पडला. "मावशी, मी नेतो तुम्हाला. पलीकडच्या खाडीत पाणी शांत असतं. आईला कळणारसुद्धा नाही."

"मला काय कळत नाही?" इसोए म्हणाली. "दरवर्षी ओबोननंतर तू तिकडं जातोस. केसांना तेल चोपडलं म्हणून मीठ लपतं होय रे?"

ताकेमी कानापर्यंत लाल झाला आणि भांडी घासायला निघून गेला. चाळिशी उलटलेला बाप्या!

"तुझ्या मुलाबरोबर नाही," चिझुरु म्हणाली. "शब्द तू दिला होतास."

इसोएनं रिकामे कप उचलले. मग चिझुरुच म्हणाली, "बरं, पाण्यात नाही तर नाही. गावातून तरी हिला फिरवू या. सुट्टीला आलेय मी." आणि ताकेमीच्या सायकलीच्या कडीत मला अडकवून दोघी म्हाताऱ्या ती सायकल ढकलत निघाल्या. इतकी वर्षं या गावात काढून त्या दिवशी मीही पाहुणीच झाले.

मित्रांनो, काय मजा होती ती! सर्फबोर्ड घेऊन जाणारी पोरं आम्हाला वाट देत होती. जुन्या रस्त्यावरचे देवदार तेच, फक्त वाकले होते. बंगल्याच्या जागी आता गाड्या उभ्या राहतात. चिझुरु तिथं थांबली, "इथं आमचं न्हाणीघर होतं," असं एका लाल गाडीकडे बघून म्हणाली, आणि पुढं चालू लागली. टेकडीवरच्या समुद्रदेवाच्या पायऱ्या दोघींनी खालूनच मोजल्यासारख्या केल्या आणि खालूनच टाळ्या वाजवून नमस्कार केला. "देवाला गुडघे कळतात," इसोए म्हणाली. शिरासूच्या दुकानात ताजे मासे नव्हते, ओबोनात होड्या बंद असतात ना. म्हणून भातावर उकडलेले इवले पांढरे मासे आले, आल्याचा कीस आणि सोया सॉस. चिझुरुनं वाटी चाटूनपुसून संपवली. वर किसलेला बर्फ खाल्ला, हिरव्या चहाच्या पाकातला, आणि जीभ हिरवी करून आरशात बघितली. वय काही लोकांचं फक्त कागदावर वाढतं.

कुराताच्या दुकानात तर माझा सत्कारच झाला. भिंतीवर रांगेनं सर्फबोर्ड, लाल, पिवळे, चकचकीत. तो दारात खुर्ची टाकून बसला होता. मला पाहून उठला, टोपी काढली आणि कमरेत वाकला.

"या आजीबाई," तो मला म्हणाला. मला! "माझ्या आजोबांची पोर तू. या सगळ्यांची मूळ बाई." मग माझ्या चिरेवर हात ठेवून तो इसोएवर उखडला. "किती कोरडी ठेवलीस गं हिला! समुद्राचं लाकूड आहे हे. दारावर टांगून हिचा भुगा करशील. जरा भिजव."

"ओबोन होऊन गेलाय."

"फळीला कसलं आलंय ओबोन?"

"फळीला नसेल. मला आहे."

कुरातानं चिरेवरचा हात काढला. वादळाच्या सकाळी वाळूवर तोही होता.

संध्याकाळी सगळ्या पाहुण्यांप्रमाणे आम्हीही समुद्रावर गेलो. सूर्य खाली आला होता, फुजीची आकृती मागे उमटली होती, लाटा लहान, कमरेएवढ्या, एकामागून एक येत होत्या. मला त्यांचा वास आला. ती सायकल वाळूत रुतली तेव्हा मला वाटलं, एवढं जवळ आणून परत नेण्यापेक्षा न्हाणीघर बरं होतं. चिझुरुच्या तोंडावर रुसवा नव्हता. ती फक्त बघून घेत होती, पुढं पुरावं म्हणून.

तेवढ्यात इसोए खाली वाकली. भरतीच्या रेषेवर, शेवाळात, वांग्याची गाय पडली होती.

आमच्याकडे ओबोनात काकडीचा घोडा करतात आणि वांग्याची गाय. जेवणाच्या काड्या मोडून पाय लावायचे. पितरांनी घोड्यावरून लवकर यावं, आणि गायीवरून सावकाश परत जावं. शेवटच्या दिवशी गाय समुद्रात सोडायची. ही तीच, कालची. शेपटीला जाळ्याच्या दोरीचा तुकडा होता. तशी शेपूट गावात फक्त इसोए लावते. एक पाय मोडला होता. गाय समुद्रानं परत आणून टाकली होती.

इसोएचा चेहरा उतरला. "बघ. गेलेच नाहीत ते. गाय मोडली माझी. आता तर मुळीच नाही, चिझुरु. चल घरी."

चिझुरु हलली नाही. तिनं त्या गायीकडे नीट पाहिलं.

"म्हणजे ते अजून इथंच आहेत?"

"इथंच. मग जायचे कसे? पायी?"

"मग विचार की त्यांना."

"काय?"

"मला पाण्यात नेऊ का, विचार. आहेत ना इथं?"

इसोए चिडली असेल असं मला वाटलं. पण ती पाण्याकडे तोंड करून उभी राहिली, हातात वांगं घेऊन. शेजारून दोन पोरं सर्फबोर्ड घेऊन पळत गेली, एका कुत्र्यानं अंग झाडलं. आणि इसोए हळूच म्हणाली, "बाबांनी कधी कोणाला नाही म्हटलं नाही. नाही म्हणायची ती आई."

तिनं चपला काढल्या. मला कडीतून सोडवलं. मागं वळून पाहते तर चिझुरुनं झगा उतरवून घडी घातली होती. आत पोहण्याचा पोशाख! सकाळपासून घालून फिरत होती, लबाड.

"बाबा," इसोए पाण्यात शिरता शिरता मोठ्यांदा म्हणाली, लोक बघायला लागले तरी तिला पर्वा नव्हती, "ही चिझुरु. मागच्या खेपेला राहून गेली होती. इथं कोणाला पाय धरायचाच असेल तर माझा धरायला सांगा, हिचा नाही. आणि माझाही आज नको. सहा पाहुण्यांचा भात लावायचाय मला."

मग पाणी माझ्यावर आलं. मित्रांनो, साठ वर्षांची तहान काय असते ते तुम्हाला कसं सांगू! माझ्या चिरेत मीठ शिरलं आणि मी फुगले, सरळ झाले, होडीत होते तशी. चिझुरु माझ्यावर पालथी पडली. इसोए कमरेएवढ्या पाण्यात माझी शेपटी धरून उभी, मान मागं वळवलेली, बापासारखीच लाटा निवडत. एक सोडली. दुसरी सोडली.

"ही नको?" चिझुरुनं विचारलं.

"गप. ही पोकळ आहे. ती मागची." मग एकदम, "पाय! पाय वर घे, बंगलेवाली!"

आणि तिनं ढकललं.

पाय वर होते. दोन्ही. लाटेनं आम्हाला उचललं, फेस कानांशी सळसळला, आणि आम्ही सरकत, सरकत, सरकत वाळूपर्यंत आलो आणि थांबलो. चिझुरु उठेचना. इसोए घाबरून धावत आली, तर ही बाई तोंडात वाळू घेऊन हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम.

"अख्खी होती ना?" तिनं विचारलं.

"अख्खी," इसोए म्हणाली आणि तिच्या शेजारी ओल्यातच बसली. बसली ती एकाएकी हुंदके देऊन रडायला लागली. बाप गेला तेव्हा ती अशी रडली नव्हती. तेव्हा तिनं मला नुसतं धरून ठेवलं होतं. चिझुरुनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काही विचारलं नाही. शहाणी मैत्रीण ती हीच.

रडणं सरल्यावर इसोएनं अंबाड्यातला आकडा काढला, गायीच्या मोडलेल्या पायाच्या जागी खोचला, आणि गाय माझ्यावर ठेवली. मागच्या बाजूला, जिथं वल्हं मारायला उभं राहतात तिथं. मग दोघी माझ्या दोन बाजूंना धरून पाण्यात चालू लागल्या, फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे, जिथं पाणी नुसतं वरखाली होतं. त्या चार पावलांत मी पुन्हा होडी होते. तोमेझो पुन्हा माझ्यावर उभा होता. वजन काहीच नव्हतं, पण मला ओळखू आलं.

"सावकाश जा, बाबा," इसोए म्हणाली आणि तिनं गाय पाण्यावर ठेवली. या वेळी ती परत आली नाही. आम्ही दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं सांगायची आम्हां जुन्यांची रीत आहे. मी वेगळं सांगते. मला दारावर फार जपलं होतं. जपताना जरा विचारत जा, तुला काय हवंय म्हणून. वस्तूला विचारा, आणि तुमच्या घरी कोणी म्हातारं माणूस पाण्याच्या कडेला उभं राहून नुसतं बघत असेल, तर त्यालाही विचारा. "आता या वयात कशाला," असं म्हणू नका. चपला काढा आणि त्याच्यामागं शेपटी धरून उभे राहा. लाट निवडायला वेळ लागला तर लागू द्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिझुरुचा मुलगा गाडी घेऊन आला. तेव्हा मी दारावर नव्हते. मी अंगणात वाळत पडले होते, आणि माझ्याशेजारी इसोएचे कपडे आणि चिझुरुचा पोहण्याचा पोशाख ओळीनं वाळत होते. चिझुरुनं आपला उचलला नाही.

"तुझा राहिला की गं," इसोए म्हणाली.

"राहू दे. नागानोत त्याचं काय काम?" चिझुरु गाडीत बसली आणि काच खाली केली. "पुढच्या वर्षी ओबोनच्या आधी येते."

"ये," इसोए म्हणाली. "आणि नंतर आलीस तरी ये."